तुळशी पाईप रोडवरचे १७ एकर : फिनिक्स मिलच्या आवाराचा प्रकरण अभ्यास

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला मुंबईत लोअर परळला उतरायचं, पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडायचं आणि तुळशी पाईप रोडवरच्या, म्हणजे सेनापती बापट मार्गावरच्या, फिनिक्स मॉलच्या गेटपर्यंत चालत जायचं. नगररचनेच्या विद्यार्थ्यांना मी वर्षातून एकदा तरी हे करायला लावतो. अंतर फार नाही. पण जिन्यावर पाय ठेवायला मिळेपर्यंत एक गाडी निघून दुसरी येते. खाली उतरलं की फुटपाथ असतो, पण त्यावरून सलग चालता येत नाही. कुठे वडापावची गाडी, कुठे उखडलेले पेव्हर ब्लॉक, कुठे लावून ठेवलेल्या मोटरसायकली. म्हणून माणसं रस्त्यावर उतरतात आणि मॉलकडे वळणाऱ्या गाड्यांच्या रांगेला खेटून चालतात. मग गेट येतं. बॅग तपासतात, अंगावरून यंत्र फिरवतात, आणि आत पाय ठेवला की पायाखालची जमीन सपाट होते.

ती सपाट जमीन नेमकी कुठे सुरू होते, ते वहीत लिहून ठेवा, असं मी मुलांना सांगतो. कारण हे सगळं प्रकरण त्या एका रेघेचं आहे. रेघेच्या आतल्या १७ एकरांवर मॉल आहे, राहत्या इमारती आहेत, ऑफिसं आहेत, सिनेमागृहं आहेत, पंचतारांकित हॉटेलचा उंच मनोरा आहे. आतल्या प्रत्येक वळणाचा कुणीतरी विचार केलेला दिसतो. रेघेच्या बाहेर, त्याच माणसांना त्याच आवारात यायला-जायला जी वाट लागते, तिचा विचार कुणी करायचा होता? आणि त्यासाठी जी जमीन शहराच्या हाती यायची होती, ती का आली नाही?

गिरणीची जमीन एवढी पसरट का होती

फिनिक्स मिल्स ही कंपनी १९०५ सालची. कापूस कातायचा, कापड विणायचं, हा धंदा. १९५९ साली ती मुंबई शेअर बाजारात नोंदली गेली. गंमत वाटावी अशी गोष्ट ही की कापडाचा धागाही उरला नाही तरी कंपनीचं नाव आजही 'फिनिक्स मिल्स' हेच आहे. पुण्यात विमाननगरला, कुर्ल्याला, बंगळुरूला, चेन्नईला जे मोठे मॉल आहेत ते याच कंपनीचे, आणि त्यांची मूळ पाटी लोअर परळच्या या गिरणीची.

मुंबईत पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनी काढली. १८५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला सूत निघालं. पुढच्या शंभर वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्याच गिरण्या झाल्या. ज्या गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न पुढे उभा राहिला त्या ५८, आणि त्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर. मुंबई हे बेट आहे, इथे फूटभर जागेसाठी भाऊ भावाशी बोलायचा थांबतो. त्या बेटाच्या मधोमध, दोन रेल्वेमार्गांच्या आजूबाजूला, ६०० एकर.

गिरणीचं बांधकाम जमिनीवर पसरलेलं असतं, हे या प्रकरणात फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. सूतखातं मजल्यांवर चढवता येतं. विणखातं चढवता येत नाही, कारण शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम खटखटायला लागले की इमारत हादरते. म्हणून विणखातं तळमजल्यावर, लांबच लांब शेडमध्ये. त्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि प्रत्येक दात्याची काच उत्तरेला. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, शेजारच्या एका गिरणीत विणखात्यात होते. एका वर्षी ते आमच्या वर्गाबरोबर आले. आवारात उभे राहिले, सूर्य कुठे आहे ते पाहिलं, आणि हाताने हवेतच छपराचे दाते काढून दाखवले. "काचा इकडं," ते मुलांना म्हणाले, "उत्तरेचा उजेड सारखा असतो, ऊन आत येत नाही. तुटलेला धागा त्यातच दिसतो." मुलांनी ते चित्र वहीत उतरवून घेतलं. मी तेव्हा वेगळाच विचार करत होतो. अशा आवारात शेडनी झाकलेली जमीन जवळजवळ सगळीच असते. मोकळी उरते ती गेटाजवळची जागा, गाड्या फिरायचा रस्ता, पाण्याचा तलाव, कोळशाचं नि कापसाच्या गाठींचं अंगण. बस.

'मोकळी' हा शब्द इथे लक्षात ठेवा.

संप आणि त्यानंतरची शांतता

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना, म्हणजे कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी घेतल्या जाणाऱ्यांना, कायम करायचं होतं, आणि १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा नको होता, कारण त्या कायद्याने कामगार संघटना म्हणून मान्यता फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच होती. संप कधी रीतसर मिटलाच नाही. माणसं हळूहळू गावी गेली, कोकणात नि घाटावर, कुणी भाजी विकू लागलं, कुणी वॉचमन झालं. जे परत कामावर गेले त्यांच्या गिरण्या पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आजारी पडल्या, बंद झाल्या.

संपाबद्दल आमच्याकडे इतकं लिहून झालंय की मी त्यात पडत नाही. नगररचनेच्या नजरेने त्याचा परिणाम एका वाक्यात सांगता येतो: कापड गेलं आणि खाली जमीन दिसू लागली. तोवर ती औद्योगिक वापराची जमीन होती, तिथे गिरणीशिवाय दुसरं काही करायची सोय नव्हती. आता मालकांना ती विकायची होती, कामगारांना थकलेली देणी हवी होती, आणि सरकारला दोघांच्या मधून वाट काढायची होती.

नियम ५८

ती वाट म्हणजे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम. मुंबईच्या भूगोलावर इतका खोल परिणाम करणारं दुसरं कलम मला तरी माहीत नाही.

नियमाची कल्पना चांगली होती, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आज त्याचं नाव काढलं की सगळे फक्त घोटाळाच आठवतात. कल्पना अशी: गिरणीच्या जमिनीचा व्यापारी वापर करायची मुभा मालकाला द्यायची, पण जमिनीची तीन वाटण्यांत विभागणी करायची. एक वाटा महापालिकेला, बागा, मैदानं, सार्वजनिक सोयींसाठी. एक वाटा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाचा. पाच हेक्टरपर्यंत ३३, २७ आणि ४० टक्के. पाच ते दहा हेक्टरला ३३, ३४ आणि ३३. त्याहून मोठ्या जमिनीला ३३, ३७ आणि ३०. शिवाय जमिनीच्या विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा, त्यातून आधी कामगारांची देणी, आणि यावर देखरेखीला समिती.

पण त्यातच एक दार उघडं होतं. जुनं बांधकाम न पाडता, आहे त्या शेडमध्येच दुसरा वापर करायचा असेल, तर वाटणी लागू होत नव्हती. वाटणी कशाची करायची? नियमातले शब्द होते, मोकळ्या जमिनी आणि 'जुनं बांधकाम पाडल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनी'. म्हणजे पाडलंत तर वाटा द्या. न पाडता वापरलंत तर देऊ नका. साहजिकच शेड वाचल्या. विणखात्यात दुकानं आली, गोदामात रेस्टॉरंट आलं, आणि परळच्या अनेक आवारांत मालकांना आपल्या जुन्या छपरांबद्दल अचानक माया वाटू लागली. दहा वर्षांत फारशा गिरण्या पूर्ण पुनर्विकासाला पुढे आल्या नाहीत. महापालिकेला बागा मिळाल्या नाहीत, म्हाडाला घरं बांधायला जमीन मिळाली नाही, कामगारांची देणी तशीच पडली.

दरम्यान १९९६ साली सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांची समिती नेमली. तिचा अभ्यास मुख्यतः राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे एनटीसीच्या गिरण्यांपुरता राहिला. तरी तिचं म्हणणं मूलभूत होतं. एकेका गिरणीचा एकेकटा तुकडा पाहू नका, शेजारशेजारच्या जमिनी एकत्र मांडा, रस्ते, स्टेशनं आणि मोकळ्या जागा आधी ठरवा, मग इमारती. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत या शहराला मिळालेला हा सगळ्यात शहाणा सल्ला होता. त्यावर अंमल झाला नाही.

२००१ साली नियम बदलला. सरकारची भूमिका अशी की अट कडक असल्यामुळे कुणी पुढे येत नाही, ती सैल केली तर जमीन विकली जाईल, पैसा येईल आणि कामगारांची देणी भागतील. या भूमिकेत तथ्य नव्हतं असं नाही. पण बदल काय झाला ते पाहा. 'बांधकाम पाडल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनी' हे शब्द गेले. वाटणी राहिली ती मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची आणि न वापरलेल्या चटईक्षेत्राची, म्हणजे नियमाने करता येणाऱ्या पण अजून न झालेल्या बांधकामाची. शेडखालची जमीन, शेड जमीनदोस्त केली तरी, वाटणीबाहेर.

हे आकड्यात मांडल्याशिवाय कळत नाही. मी फळ्यावर मांडतो तसं इथे मांडतो. फिनिक्सच्या आकाराची, म्हणजे साधारण ७ हेक्टरची एक गिरणी घेऊ. समजा तिच्यात ६ हेक्टरवर शेड आणि इमारती आहेत, १ हेक्टर मोकळा आहे. हा केवळ हिशेबासाठीचा नमुना आहे. १९९१च्या नियमाने सगळं पाडून पुनर्विकास केला तर ७ हेक्टरची वाटणी होईल. महापालिकेला ३३ टक्के, म्हाडाला ३४ टक्के, दोन्ही मिळून ४.६९ हेक्टर, म्हणजे साडेअकरा एकर. २००१च्या नियमाने तेवढंच पाडलं आणि तेवढंच बांधलं तरी वाटणी फक्त एका हेक्टरची. महापालिकेला ०.३३, म्हाडाला ०.२७. दोन्ही मिळून दीड एकर.

साडेअकरा आणि दीड. फरक पडला तो अर्ध्या ओळीच्या शब्दांनी. फळ्यावर हे आकडे लिहिले की वर्गात कुणीतरी हमखास विचारतं, सर, छपाईची चूक असेल का? चूक नव्हती.

या बदलाविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने २००५ साली जनहित याचिका केली. १७ ऑक्टोबर २००५ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका उचलून धरली. त्याच वर्षी एनटीसीच्या पाच गिरण्यांचे लिलाव झाले होते. जुपिटर, एल्फिन्स्टन, अपोलो, मुंबई टेक्स्टाईल आणि कोहिनूर क्रमांक ३, मिळून सुमारे २,०२० कोटी रुपये. त्यात एकट्या मुंबई टेक्स्टाईलचे ७०२ कोटी. पैसा गुंतलेला, बांधकामं सुरू झालेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ मार्च २००६ला तिथे २००१चा बदल वैध ठरला. त्या दिवसानंतर गिरणगावाचं आकाश वेगाने बदललं.

आवार कसकसं बदलत गेलं

फिनिक्सकडे वळू. हा प्रकल्प एका नकाशातून, एका भूमिपूजनातून उभा राहिलेला नाही. तो तुकड्यातुकड्यांनी झाला, आणि म्हणूनच अभ्यासाला चांगला. आधी राहते टॉवर. ९०च्या दशकाच्या शेवटी बॉलिंग अ‍ॅली, तेव्हा अख्ख्या मुंबईतली तरुण मुलं पाहायला यायची. २००१मध्ये बिग बझार. ते दुकान मला चांगलं आठवतं, कारण चाळीतल्या बायका पहिल्यांदा त्या गेटातून आत गेल्या त्या तांदूळ-साखर घ्यायला. ज्या गेटावर पूर्वी भोंगा झाला की नवऱ्याचा डबा द्यायला उभ्या राहायच्या, त्याच बाजूला. माझी आई पिशवी घेऊन गेली, आणि पिशवी बाहेर जमा करावी लागते म्हटल्यावर जरा बिचकली. पण गेली. भाव वाचत आत फिरली, घरी येऊन शेजारणींना सांगितलं. मॉल गिरणगावाच्या घरात शिरला तो असा, तांदळाच्या दारातून.

त्यानंतर आवाराचा सूर वर चढत गेला. दुकानांची गल्ली 'हाय स्ट्रीट फिनिक्स' म्हणून ओळखली जाऊ लागली. २००९मध्ये पॅलेडियम, परदेशी महागड्या ब्रँडचा मॉल. २०१२च्या अखेरीस हॉटेल, आधी शांग्रि-ला या नावाने, मग पॅलेडियम हॉटेल, २०१५पासून सेंट रेजिस. बिग बझार तर आता देशातूनच गेलं.

एकाच आवारात दुकानं, घरं, ऑफिसं आणि हॉटेल का आणतात, हे बऱ्याच जणांना वाटतं तसं दिखाव्यासाठी नसतं. घरं विकली की एकरकमी पैसा येतो, पण एकदाच. मॉल भाड्यावर चालतो. मोठ्या दुकानांकडून अनेकदा ठरावीक भाडं किंवा विक्रीतला हिस्सा, यातलं जे जास्त असेल ते घेतात, त्यामुळे मालकाला दुकान चालावं यात स्वतःचा रस असतो. ऑफिसातली माणसं दुपारी जेवायला खाली उतरतात, हॉटेलातले पाहुणे रात्री, घरातली माणसं रविवारी. एकाच पार्किंगमध्ये दिवसा ऑफिसच्या गाड्या आणि रात्री सिनेमाच्या. जमीन महाग असेल तिथे एक जागा दिवसातून तीनदा वापरली गेली तरच हिशेब जुळतो. गिरणीतही हेच होतं, पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. जमीन झोपू द्यायची नाही.

आणि आतलं काम चांगलं झालंय, हे मोकळेपणाने म्हणायला हवं. मुंबईतले अनेक मॉल म्हणजे बंद डबे, बाहेरून नुसती काच. इथे आवाराला उघडं अंग आहे, इमारतींच्या मधून आकाश दिसतं, माणसं बाहेर बसतात. गिरणीची विटांची चिमणी पाडली नाही, ती उभी आहे. पहिल्यांदा आलेला विद्यार्थी तिच्याकडे मान वर करून पाहतो, आणि मग विचारतो की इथे काय होतं. ती नसती तर हा प्रश्नच आला नसता. नाना त्या दिवशी तिच्या बुंध्यापाशी बराच वेळ उभे होते. विटेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "थंड आहे." मला वाटतं त्यांना ती कधी थंड लागली नव्हती.

गेटाबाहेर

माझा रोख कुठल्या एका कंपनीवर नाही. मालक आपल्या आवाराचा विचार करणार. गेटाबाहेरचा विचार करण्यासाठीच तर तो एक तृतीयांश वाटा होता. तो आक्रसला, आणि परळच्या प्रत्येक आवारात एकाच वेळी आक्रसला. परिणाम असा की गिरण्यांच्या जागी अधिक माणसं आली, पण त्यांना चालायला, उभं राहायला, पळायला जागा वाढली नाही. गिरणी कामगार पायी यायचा, चाळ जवळच असायची. ऑफिसातला माणूस विरारहून, कल्याणहून येतो. त्याला स्टेशन लागतं. लोअर परळ, करी रोड, एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी), परळ ही स्टेशनं गिरणगावासाठी बांधलेली. तिथले जिने तेवढेच राहिले आणि वर मनोरे वाढले.

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सकाळी जोराचा पाऊस आला, एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर माणसं आडोशाला थांबली, मागून गाड्यांतून आणखी उतरत राहिली. चेंगराचेंगरीत किमान २३ जण गेले. त्यात कामावर निघालेली माणसं होती. स्टेशनाबाहेर, जुपिटर आणि एल्फिन्स्टन गिरण्यांच्या जागी, काचेचे ऑफिस टॉवर उभे होते. तो पूल पुरत नाही, हे रोज त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. नवा पूल लष्कराने बांधला आणि २७ फेब्रुवारी २०१८ला तो सुरू झाला. पाच महिन्यांत. जे पाच महिन्यांत झालं ते आधी का झालं नाही, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

२०१७च्याच डिसेंबरमध्ये, २८ आणि २९ तारखेच्या मधल्या रात्री, फिनिक्सच्या शेजारच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली. १४ जण मेले. तेही गिरणीचंच आवार, वापर बदललेलं.

मग २४ जुलै २०१८ला डिलाईल पूल धोकादायक ठरवून बंद केला. ज्यांना भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी: ना. म. जोशी मार्गावरून, म्हणजे आमच्या डिलाईल रोडवरून, रेल्वे ओलांडून गणपतराव कदम मार्गाकडे आणि फिनिक्सकडे यायचा तो पूल. पूर्ण वाहतूक सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षांहून अधिक काळ देशातल्या महागड्या मॉलपैकी एक आणि त्याच्या समोरची वस्ती यांच्यामध्ये खड्डा होता. या काळात आवाराच्या आत नवी दुकानं उघडली, जुनी सजली. आतलं काम एका मालकाच्या हातात होतं. बाहेरचा पूल रेल्वेचा, जोडरस्ते महापालिकेचे.

घरांचा वाटा

म्हाडाच्या वाट्याचं काय झालं, तेही सांगायला हवं. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत जून २०१२मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. २०१६मध्ये २,६३४. १ मार्च २०२०ला बॉम्बे डाईंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. घर २२५ चौरस फुटांचं. अर्ज मात्र सुमारे दीड लाख कामगारांचे आणि वारसांचे. त्यामुळे आता बाकीच्यांना शेलू, वांगणी अशी नावं ऐकवली जातात, जिथून लोअर परळला यायला लोकलमध्ये दीड-दोन तास जातात. जुलै २०२५मध्ये कामगार आणि त्यांची मुलं मुंबईतच घर हवं म्हणून आझाद मैदानात जमली होती. त्यातले बरेच सत्तरी ओलांडलेले.

श्रीनिवास मिलचं उदाहरण मी मुद्दाम देतो. तीही साधारण १७ एकरांची, फिनिक्सपासून चालत जाण्याइतकी जवळ. तिच्या जागेवर वर्ल्ड वन हा सुमारे २८० मीटर उंचीचा टॉवर उभा आहे, आणि त्याच गिरणीच्या वाट्यातून कामगारांची ५४४ घरं निघाली. थोडी आहेत, पण आहेत. कामगारांच्या त्या इमारतीच्या गॅलरीत लुगडी वाळत असतात, संध्याकाळी खाली म्हातारे बसतात. हे पाहिलं की वाटतं, नियम ५८ मूळ स्वरूपात राहिला असता तर असं चित्र प्रत्येक आवारापाशी दिसलं असतं. मी हे भावनेच्या भरात म्हणत नाही, साडेअकरा आणि दीड हे आकडे समोर ठेवून म्हणतोय.

अजून काय करता येईल

जमीन गेली ती गेली. २०१८पासून लागू झालेल्या नव्या नियमावलीत गिरण्यांचं कलम ३५ क्रमांकाचं आहे, पण बहुतेक मोठे तुकडे त्याआधीच बांधून झालेत. तरी फिनिक्ससारख्या आवारात काम थांबत नाही. जुनं पाडून नवं बांधणं, वर मजले चढवणं, नवा ऑफिस मनोरा आणणं हे चालूच राहतं. प्रत्येक वेळी परवानगी लागते. मला वाटतं, प्रत्येक अशा परवानगीच्या नकाशावर आवाराच्या कुंपणाची रेघ शेवटची नसावी. फलाटापासून गेटापर्यंतची वाट त्याच कागदावर काढलेली हवी: जिना किती रुंद, फुटपाथ किती, ट्रक कुठून आत शिरणार, आणि आग लागली तर इतकी माणसं कुठे उभी राहणार. आज हे कागद वेगवेगळ्या कार्यालयांत असतात. रेल्वेचा एकीकडे, महापालिकेचा दुसरीकडे, विकासकाचा तिसरीकडे. तिन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून कुणी पाहत नाही.

आम्ही वर्गात ते करतो. ट्रेसिंग पेपरवर तिन्ही नकाशे एकमेकांवर ठेवतो आणि लाल पेन्सिलने फक्त चालणाऱ्या माणसाची वाट काढतो. यंदा एका मुलीने ती रेघ गेटापाशी थांबवली नाही. ती मॉलच्या उघड्या आवारातून, चिमणीच्या बाजूने, पलीकडच्या कमला मिलच्या दिशेने आरपार नेली आणि विचारलं, "सर, ही वाट रात्रीसुद्धा सगळ्यांसाठी उघडी ठेवली तर तुळशी पाईपवरची निम्मी गर्दी आतून नाही का जाणार?" नाना मागच्या बाकावर बसले होते. ते उठले, कागदापाशी आले, चष्मा वर केला आणि बोटाने तिच्या रेघेवरून हळूहळू गेले. मग एके ठिकाणी बोट थांबवून म्हणाले, इथे भिंत आहे, ती आधी दाखव.

तिने भिंत काढली. आता आम्ही ती भिंत मोजायला जाणार आहोत.